आयटीतली नोकरी: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीला बार्शीला गेलो की पायातले बूट काढायच्या आत कुणीतरी बायोडेटा घेऊन हजर असतं. चुलतभावाचा मेहुणा, वडिलांच्या मित्राची मुलगी, शेजारच्या काकूंचा "हुशार आहे हो, फक्त बोलत नाही" असा भाचा. मी अठरा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरच्या कामात आहे आणि त्यातली निम्मी वर्षं मुलाखती घेतोय. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. मी वकील नाही. इथे कायद्याचं जे आहे ते स्वतःला किंवा शेजारच्या टेबलावरच्या माणसाला गरज पडली तेव्हा वाचलेलं आहे. प्रकरण खरंच अडलं असेल तर कामगार कायद्याचा वकील गाठा.

बीएस्सी कॉम्प्युटर केलंय, इंजिनिअरिंग नाही. घेतात का?

घेतात. मोठ्या सेवा कंपन्या, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअरचं काम करून देणाऱ्या, बीएस्सी आणि बीसीए झालेल्यांची वेगळी भरती करतात. पगार इंजिनिअरपेक्षा कमी असतो. काही ठिकाणी नोकरी करता करता पुढची पदवी करून देतात आणि त्या बदल्यात काही वर्षं बांधून घेतात. ती अट आधी वाचा, मग आनंद साजरा करा.

एमसीए, एमएस्सी किंवा इंजिनिअरिंग झालेल्यांसाठी आणखी एक रस्ता आहे, सी-डॅकचा. ही सरकारी संस्था १९८८ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि 'परम ८०००' हा महासंगणक तिनेच १९९१ मध्ये तयार केला. सगळे ज्याला नुसतं 'डॅक' म्हणतात तो तिचा सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम. प्रवेश सी-कॅट परीक्षेतून मिळतो. दिवसभर वर्ग, संध्याकाळी लॅब, आणि शेवटी नोकरीसाठी कॅम्पस मुलाखती. कॉलेजात चार वर्षं जे झालं नाही ते अनेकांचं या सहा महिन्यांत होतं, कारण दुसरं काही करायला वेळच उरत नाही. नुसत्या बीएस्सीवर अर्ज भरण्याआधी मात्र जाहिरातीतली पात्रता नीट पाहा.

जावा शिकू की पायथन?

पहिल्या नोकरीला दोन्ही चालतात. डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, एसक्यूएल, येत नाही, हे मात्र चालत नाही.

शिक्षण मराठीतून झालंय, इंग्रजी अडखळतं. मुलाखतीत टिकेन का?

मागे एक मुलगी मुलाखतीला आली होती, लातूरकडची. पहिल्या दोन प्रश्नांना तिच्या घशातून आवाजच निघेना. बायोडेटावर प्रोजेक्ट चांगला दिसत होता, म्हणून म्हटलं, मराठीत सांग. डेटाबेसमधला इंडेक्स तिने एसटी स्टँडवरून समजावला. "लातूरची गाडी शोधायला आपण सगळा स्टँड फिरत नाही सर, पाटी वाचून थेट फलाटावर जातो. पण गाडीचा फलाट बदलला की पाटीही बदलावी लागते, म्हणून उगाच ढीगभर पाट्या लावायच्या नाहीत." हे दुसरं वाक्य पाठांतर करणाऱ्यांच्या तोंडून कधीच येत नाही. तिला घेतलं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. तिसऱ्या महिन्यात ती क्लायंटच्या कॉलवर होती आणि तिथे कुणी "मराठीत सांग" म्हणणारं नव्हतं. तिने केलं ते असं: स्टँड-अपसाठी, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीसाठी, तीनच वाक्यं. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. ती रात्री वहीत लिहायची आणि सकाळी बसमध्ये पुटपुटायची. वर्षभरात वही सुटली. कॉल सेंटरच्या मुलासारखं फर्डं इंग्रजी सॉफ्टवेअरवाल्याकडून कुणाला नको असतं. आपलं काम समोरच्याला कळेल इतकं लागतं, लिहायला जरा जास्त, कारण निम्मं काम ईमेल आणि तिकिटांतूनच, म्हणजे कामाच्या आणि तक्रारींच्या लेखी नोंदींतूनच, चालतं.

पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये २०२१ पासून संगणक अभियांत्रिकी मराठीतूनही शिकवायला लागले. संकल्पना डोक्यात बसायला मातृभाषेसारखं काही नाही. फक्त कोडमधल्या टिपा, चुकांचे संदेश आणि तिकिटं इंग्रजीतच असतात, हे पहिल्या वर्षापासून लक्षात ठेवा.

३.६ लाखांचं पॅकेज आहे. म्हणजे महिन्याला ३० हजार ना?

नाही. या एका प्रश्नावरून वाकडच्या पीजींमध्ये पहिल्या महिन्याला किती जणांचं तोंड उतरलेलं पाहिलंय! सीटीसी म्हणजे तुमच्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च. त्यातला बराच भाग तुमच्या खात्यात महिन्याला येत नाही.

कागद पुढे ओढा. ३,६०,००० भागिले १२ म्हणजे ३०,०००. समजा मूळ पगार, म्हणजे बेसिक, १५,००० आहे. त्यावर कंपनी १२ टक्के पीएफ भरते, १,८०० रुपये. ते याच ३० हजारांतले. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे काही वर्षांनी नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेसाठी, बेसिकच्या ४.८१ टक्के धरतात, साधारण ७२२. 'व्हेरिएबल' या नावाखाली १० टक्के बाजूला, म्हणजे ३,०००. ते वर्षाच्या शेवटी मिळतात, पूर्ण मिळतील याची हमी नाही. उरले २४,४७८. आता यातून तुमच्या हिश्शाचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० कापला जातो. उरले २२,४७८. गटविम्याचा हप्ता गेला की बावीसच्या आत. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो, त्यामुळे त्या महिन्यात शंभर कमी दिसले म्हणून एचआरला मेल करू नका. महिलांना महिन्याला २५ हजारांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही.

म्हणून ऑफर हातात आली की विचारायचं ते एवढंच: "हातात किती आणि त्यात व्हेरिएबल किती?" विचारलं म्हणून ऑफर रद्द झाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

एक बदल लक्षात ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांच्यानुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरचा भाग 'वेतना'तच धरायचा. बेसिक मुद्दाम छोटं ठेवून बाकी भत्त्यांत पसरवायची जुनी युक्ती त्यामुळे अवघड झाली. त्यातून ग्रॅच्युइटी वाढते, हातात येणारा आकडा मात्र थोडा कमी होऊ शकतो.

फ्रेशरचा पगार इतकी वर्षं तिथेच का अडकलाय?

कारण मुलं भरपूर आहेत. माझ्या मागून दहा वर्षांनी लागलेल्या मुलांनाही मोठ्या सेवा कंपन्यांत साडेतीन लाखांच्या आसपासच मिळालं. दरम्यान वाकडच्या खोलीचं भाडं आणि मेसचा डबा कुठल्या कुठे गेले.

सेवा कंपनीचा धंदा पिरॅमिडसारखा असतो. खाली नवखे भरपूर, वर अनुभवी थोडे, आणि क्लायंटकडून सगळ्यांचं मिळून बिल. खालचा थर जितका स्वस्त तितका नफा जास्त. परदेशातल्या कंपन्यांनी इथे उघडलेल्या स्वतःच्या केंद्रांत, ज्यांना जीसीसी म्हणतात, हे गणित वेगळं असतं आणि पगारही बरे असतात. पण ते बहुतेकदा दोन-तीन वर्षांचा अनुभव असलेल्यांना घेतात, म्हणजे ज्यांना दुसऱ्या कुणीतरी शिकवून तयार केलंय त्यांना. त्यामुळे पहिली दोन वर्षं 'शिकतोय' म्हणून काढणं आणि मग उडी मारणं, हे पुण्यातल्या जवळपास प्रत्येकाचं ठरलेलं वेळापत्रक आहे. त्यात बेइमानी वगैरे काही नाही.

ऑफर लेटर येऊन सात महिने झाले, जॉइनिंगची तारीख येत नाही.

आधी हातात नेमकं काय आहे ते पाहा. 'लेटर ऑफ इंटेंट' म्हणजे तुम्हाला घ्यायचा विचार आहे, इतकंच. ऑफर लेटरमध्ये पद, पगार आणि अटी असतात. त्यातही "व्यवसायाच्या गरजेनुसार तारीख कळवली जाईल" हे वाक्य बहुधा सापडतंच. २०२२ च्या बॅचमधली कितीतरी मुलं या वाक्यावर वर्ष-वर्ष बसून होती. पुण्यातली 'नाइट्स' ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना अशा तक्रारी केंद्रीय कामगार मंत्रालयापर्यंत नेत आली आहे, तिच्याशी संपर्क करून ठेवा.

पण थांबू मात्र नका. दुसरीकडे अर्ज करा, छोटी कंपनी असली तरी लागा. मोठ्या नावाची तारीख आली तर तेव्हा ठरवता येईल. आमच्या सोसायटीतला एक मुलगा अकरा महिने गावात 'माझं झालंय, फक्त तारीख यायचीय' म्हणत बसला. शेवटी त्याला पुन्हा परीक्षा द्यायला लावली, आणि तोवर शिकलेलं तो विसरला होता.

एक कन्सल्टन्सी दीड लाखात अनुभवाचं प्रमाणपत्र आणि नोकरी, दोन्ही देते म्हणतेय.

नको. पूर्ण उत्तर एवढंच आहे, पण लोक ऐकत नाहीत म्हणून सांगतो. पार्श्वभूमी तपासणीत आता तुमच्या यूएएन खात्याचा, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या पीएफ क्रमांकाचा, नोकऱ्यांचा इतिहास मागतात. कुठल्या कंपनीने कोणत्या महिन्यापासून पीएफ भरला ते तिथे दिसतं. तीन वर्षांच्या 'अनुभवा'मागे पीएफची एकही नोंद नसेल तर तपासणाऱ्याला आणखी काही करावं लागत नाही. हे कळायला कधी चार महिने लागतात, म्हणजे नोकरी लागल्यावर, ईएमआय सुरू झाल्यावर.

व्हिडिओ मुलाखतीत दुसराच माणूस बोलतोय आणि समोरचा नुसते ओठ हलवतोय, हेही पाहिलंय. मी त्याला पाणी प्यायला सांगितलं. ग्लास तोंडाला लावलेला असताना उत्तर चालूच राहिलं.

बॉन्डवर सही करू का? मोडला तर काय होतं?

बॉन्ड म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर कंपनीला पैसे द्यायचा करार. कागदावर रक्कम, मुदत आणि कारण या तीन गोष्टी शोधा. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याचं कलम २७ सांगतं की एखाद्याला त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल असतो. त्यामुळे "सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जायचं नाही" ही अट कोर्टात सहसा उभी राहत नाही.

बॉन्डचं प्रकरण वेगळं. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुदतीआधी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून २ लाख रुपये घेण्याची अट वैध ठरवली. नोकरीत असतानाची ती अट आहे, पुढची दारं ती बंद करत नाही, असा त्यामागचा विचार. ती सरकारी बँक होती आणि तिला प्रत्येक भरती जाहिरात-परीक्षा करून पुन्हा करावी लागते, हा मुद्दाही निकालात होता. त्यामुळे 'बॉन्ड म्हणजे नुसता कागद, घाबरू नको' हे मित्राचं बोलणं आता अर्धंच खरं आहे. दुसरीकडे, तीन आठवडे व्हिडिओ दाखवून पाच लाखांचा बॉन्ड मागणाऱ्याला कोर्टात नुकसान वाजवी होतं हे पटवून द्यावं लागेल.

मूळ मार्कशीट जमा करा म्हणतात.

देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ परत घेऊन या.

बेंचवर बसवलंय. मजा आहे की धोका?

पहिले दोन आठवडे मजा. बेंच म्हणजे पगार चालू आहे पण क्लायंटला तुमचं बिल लागत नाही. पूर्वी यात महिनोन्महिने जात, लोक कँटीनमध्ये कॅरम खेळत. आता ते दिवस गेले. टीसीएसने जून २०२५ पासून वर्षात किमान २२५ बिलाचे दिवस आणि जास्तीत जास्त ३५ दिवस बेंच असा नियम केला. बाकीच्यांकडेही मोजदाद असते, फक्त ती सगळीकडे जाहीर नसते. बेंचवर आलात की रिसोर्स मॅनेजरला आठवड्यातून एकदा मेल करा आणि आतल्या मुलाखतींना नाही म्हणायचं असेल तर कारण लिहून द्या. 'दोन प्रोजेक्ट नाकारले' ही नोंद पुढे कशी वापरली जाते ते खाली येईलच.

आमच्या मुलीला रात्रपाळी लागली आहे. परवानगी द्यावी का?

काका, परवानगी तिची लागते. कायदाच तसं म्हणतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, शिवाय सुरक्षेची आणि घरापर्यंत सोडण्याची सोय कंपनीने करायची.

२००७ मध्ये पुण्यात कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्या तरुणीला न्यायला आलेल्या गाडीच्या चालकानेच साथीदाराबरोबर तिचा खून केला, तेव्हापासून या शहरात कॅबचे नियम कडक झाले. चालकाची पडताळणी, गाडीचा माग, आणि एकटी महिला पहिली चढणार किंवा शेवटची उतरणार असेल तर सोबत सुरक्षारक्षक. तिच्या कंपनीत हे प्रत्यक्षात होतं का, ते तिलाच विचारा. रक्षक 'आज आला नाही' असं महिन्यातून किती वेळा होतं? सोसायटीच्या गेटवर सोडतात की चौकात? हे प्रश्न 'रात्रपाळी चांगली की वाईट' यापेक्षा कामाचे आहेत.

रोज अकरा-बारा तास जातात. ओव्हरटाइम मिळतो का?

कायद्यात आहे, पगाराच्या स्लिपवर सहसा नसतो. २०१७ च्या त्याच कायद्यात मुळात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास, त्यापुढे दुप्पट दर, असं लिहिलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तासांवर आणि तिमाही ओव्हरटाइमची मर्यादा १२५ वरून १४४ तासांवर नेण्याचा निर्णय घेतला. व्यवस्थापक आणि पर्यवेक्षकांना यातून सूट असते, आणि आयटीत दोन वर्षांत कुणालाही 'लीड' म्हणून टाकतात, हा योगायोग नसावा.

प्रवासाचे तास तर कुणीच मोजत नाही. हिंजवडी फेज ३ वरून संध्याकाळी सहाला निघून कोथरूडला साडेसातला पोहोचलेला माणूस मी पाहिलेला नाही. पावसात तर बोलायलाच नको.

नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड आहे, नवी कंपनी तीस दिवसांत या म्हणते.

हा आयटीतला सगळ्यात पिळून काढणारा कायदेशीर प्रकार आहे. प्रत्येक कंपनी आपला माणूस तीन महिने अडकवते आणि दुसऱ्याचा मात्र महिन्यात मागते.

नियुक्तिपत्रातला नोटीसचा परिच्छेद काढा. "नव्वद दिवस किंवा त्याबदल्यात वेतन" असं लिहिलं असेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे भरून निघता येतं, याला बायआउट म्हणतात. ते वेतन बेसिकवर की एकूण पगारावर मोजायचं, तेही तिथेच असतं आणि फरक दुपटीचा असू शकतो. "कंपनीच्या मर्जीनुसार" असं लिहिलं असेल तर मॅनेजर हीच किल्ली. कुठलंही कोर्ट तुम्हाला हाताला धरून खुर्चीत बसवत नाही. पण रिलीव्हिंग लेटरशिवाय, म्हणजे कंपनीने कामातून मोकळं केल्याच्या पत्राशिवाय, निघालात तर पुढच्या तपासणीत दर वेळी त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागतं.

माझा अनुभव असा की राजीनाम्याबरोबरच कामाच्या हस्तांतरणाचा आराखडा दिला की ९० चे ५०-६० होतात. कुठलं मोड्यूल कुणाला, किती दिवसांत, कागदपत्रं कुठे. मॅनेजरला तुमच्या जाण्यापेक्षा क्लायंटच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं याची भीती असते, ते उत्तर त्याला तयार करून द्या. आणि राजीनामा नव्या कंपनीचं सहीचं ऑफर लेटर हातात आल्यावरच. फोनवरच्या "समजा झालंच" वर दिलेले दोन राजीनामे मला माहीत आहेत. दोघांना परत कुणी घेतलं नाही.

हिशेब, म्हणजे एफएनएफ, पंचेचाळीस दिवसांनी करायची सगळीकडे सवय आहे. नव्या वेतन संहितेत राजीनामा असो की काढून टाकणं, देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. मेलमध्ये त्याचा उल्लेख नम्रपणे जरूर करा.

नोकरी बदलताना पीएफ काढून घेऊ का?

नवा फोन घ्यायचा म्हणून? नको, ट्रान्सफर करा. पाच वर्षं सलग होण्याआधी काढला तर त्यावर कर लागतो.

पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतं म्हणून अनेक जण घाबरतात. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा नोकरीला लागताना ज्यांचं पीएफचं वेतन १५ हजारांच्या वर होतं, ते पेन्शन योजनेत येतच नाहीत. कंपनीचा सगळा वाटा पीएफमध्ये जातो. उलट तुम्ही त्यात बसत नसताना पेन्शनला पैसे जात असतील, तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या. दहा वर्षांनी ट्रान्सफर अडकतो आणि तोवर पहिली कंपनी विकली गेलेली असते.

एचआरने मीटिंगला बोलावून राजीनामा द्यायला सांगितलं. देऊ?

त्या खोलीत देऊ नका.

माझ्या शेजारी बसणाऱ्या एकाची गोष्ट सांगतो, कंपनीचं नाव राहू दे. गुरुवारी दुपारी चारला कॅलेंडरवर 'कॅच-अप' आलं. खोलीत त्याचा मॅनेजर आणि एक अनोळखी बाई. मॅनेजर टेबलाकडे बघत होता. "परफॉर्मन्स", "दोन प्रोजेक्ट नाकारलेत", "आज स्वतःहून दिलात तर अनुभवपत्र स्वच्छ, नाहीतर टर्मिनेशन". राजीनाम्याचा मजकूर आधीच टाइप केलेला, 'वैयक्तिक कारणास्तव'. बावीस मिनिटांत तो बाहेर आला तेव्हा लॅपटॉप आतच राहिला होता. जागेवर येऊन त्याने ड्रॉवरमधला लोणच्याचा डबा पिशवीत टाकला आणि मला म्हणाला, "चल, चहा घेऊ." तेरा वर्षांची नोकरी होती.

राजीनामा दिला की कागदोपत्री तुम्ही स्वतःहून गेलात. नोकरकपातीची भरपाई मागायचा मुद्दाच तिथे लंगडा होतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात नोकरकपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तिचं वेतन, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं वेतन द्यायचं होतं. आता त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आहे. तो हिशेब तिच्यातही आहे, वर पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांचं वेतन जास्तीचं. हे 'कामगारा'ला लागू होतं, व्यवस्थापकाला नाही. पण तुम्ही कोण आहात ते व्हिजिटिंग कार्डावरून ठरत नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरतं. 'असोसिएट मॅनेजर' दिवसभर कोडच लिहित असेल आणि हाताखाली कुणी नसेल, तर तो कामगार असल्याचा दावा करू शकतो.

म्हणून खोलीत एकच वाक्य: "मला हे ईमेलवर द्या, वाचून उत्तर देतो." घरी जा. नियुक्तिपत्र, पगाराच्या स्लिपा, जुने अप्रेझल आपल्याकडे आहेत का ते पाहा. ते आधीपासूनच घरी असायला हवेत, प्रत्येक महिन्याची स्लिप त्या महिन्यातच उतरवून ठेवा. कंपनीचा कोड किंवा क्लायंटची कागदपत्रं मात्र स्वतःच्या मेलवर चुकूनही पाठवू नका. तेवढ्या एका चुकीवर समोरच्याचं काम सोपं होतं.

मग बोलणी. भांडायचंच असं नाही, बहुतेक जण भांडत नाहीत आणि ते समजण्यासारखं आहे. पण किती महिन्यांचा पगार, व्हेरिएबलचं काय, आरोग्य विमा कधीपर्यंत, पत्रात काय शब्द, हे सगळं बोलून वाढतं. वाढलेलं पाहिलंय. बोलणी फिसकटली तर कामगार आयुक्तांकडे अर्ज करता येतो.

ग्रॅच्युइटी कधी मिळते?

पाच वर्षं सलग झाल्यावर. शेवटचं बेसिक गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. बेसिक ४० हजार आणि सहा वर्षं असतील तर साधारण १ लाख ३८ हजार. ठराविक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या संहितेत एका वर्षावरही हक्क आहे. चार वर्षं आणि काही महिन्यांवर पोहोचला असाल, तर कोर्टाचे निकाल शोधत बसण्यापेक्षा नव्या कंपनीकडून जॉइनिंग पुढे ढकलून घ्या.

चाळिशीनंतर आयटीत माणसाचं काय होतं?

पिरॅमिड आठवा. वर जागा थोड्या. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक माणसं कमी करायचं जाहीर केलं, तेव्हा त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले असतील असंही सांगितलं होतं. पंधरा वर्षांत ज्याचं काम 'स्टेटस विचारून पुढे कळवणं' इतकंच उरलं, त्याला सगळ्यात जास्त धोका आहे. मी स्वतः चौथ्या वर्षी कोड सोडून एक्सेलमध्ये गेलो होतो आणि सातव्या वर्षी घाबरून परत आलो. परत यायला एक वर्ष आणि एक कमी पगाराची नोकरी लागली.

बँका, विमा, गाडीतली सॉफ्टवेअर, अशा एका क्षेत्राची खोल माहिती असलेली माणसं पंचेचाळीसलाही मागणीत असतात. कर्जाचे हप्ते मात्र चाळिशीच्या आत जितके उरकता येतील तितके उरका.

एआय आमच्या नोकऱ्या खाणार का?

काही खाल्ल्याही. चाचण्या लिहिणं, फॉर्म भरून डेटाबेसमध्ये साठवणारी छोटी पानं बनवणं, पहिल्या पायरीची सपोर्ट तिकिटं, हे नवख्यांचं काम होतं आणि यावरच ते शिकायचे. आता त्यातलं बरंचसं यंत्र करतं. मला काळजी त्या पायरीची वाटते. खालचीच पायरी काढली तर पाच वर्षांनी अनुभवी माणूस कुठून येणार, याचं उत्तर मला अजून कुणाकडून मिळालेलं नाही.

मुलाखतीत मी आता यंत्राने लिहिलेला चाळीस ओळींचा कोड समोर ठेवतो आणि त्यातली चूक शोधायला सांगतो. निम्मी मुलं "दिसतोय तर बरोबर" म्हणतात.

ऑफिसनंतर दुसरीकडे काम केलं तर चालेल?

करारात बहुधा मनाई असते. २०२२ मध्ये विप्रोने याच कारणावरून ३०० जणांना काढल्याचं तिच्या अध्यक्षांनीच जाहीर केलं होतं. एकाच यूएएनवर दोन कंपन्यांचा पीएफ पडला की गोष्ट उघडी पडते. शनिवारी शिकवणी किंवा गावच्या पतसंस्थेची वेबसाइट करायची असेल तर लेखी परवानगी मागा, बऱ्याचदा मिळते.

अमेरिकेला जायचा बेत अजून धरावा का?

धरा, पण त्यावर लग्न आणि फ्लॅट ठरवू नका. तिथे नोकरीसाठी लागणारे नवे एच-१बी व्हिसा वर्षाला ८५ हजारच, त्यातले २० हजार तिथे मास्टर्स केलेल्यांसाठी. सप्टेंबर २०२५ पासून बाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लावलंय. इतके पैसे भरून कंपनी तीन वर्षांच्या अनुभवाच्या मुलाला नेणार नाही. तिकडे असताना नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा परतायला ६० दिवस मिळतात. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांना देशनिहाय मर्यादेमुळे कित्येक वर्षं जातात. माझे दोन मित्र परत आले. मुलांना मराठी शाळेत घालायचं म्हणून, असं सांगतात. एकाचं खरं आहे.

स्थळ आयटीतलं आहे, 'बावीस लाखांचं पॅकेज' म्हणतात. खरं कसं ओळखायचं?

वर ३.६ लाखांचं गणित आहे, तेच वापरा. मोठ्या पगारात व्हेरिएबल आणि शेअर जास्त असतात, त्यामुळे तफावतही जास्त. त्यापेक्षा मुलाला थेट विचारा की गृहकर्जाचा हप्ता किती आणि घरी किती वाजता येतोस.

राजीनामा मंजूर झालाय. शेवटच्या दिवशी काय काय घेऊन निघू?

रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र, शेवटच्या तीन स्लिपा. फॉर्म १६, म्हणजे पगारावर कापलेल्या कराचं प्रमाणपत्र, नंतर येतो, म्हणून एचआरकडे स्वतःचा ईमेल देऊन ठेवा. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख पडली का ते महिन्याभराने पाहा, नाहीतर ट्रान्सफर अडतो. नव्या कंपनीत वर्षाच्या मध्यात लागत असाल तर आधीचं उत्पन्न तिथे लेखी कळवा, नाहीतर जुलैत विवरणपत्र भरताना एकदम कर निघतो. आईवडिलांचा गटविमा त्याच दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीत वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, पण शेवटच्या दिवसाच्या बरंच आधी विचारायला लागतं.

आणि पार्किंगमधून गाडी आधी बाहेर काढून ठेवा. ओळखपत्र जमा केल्यावर बेसमेंटचा अडथळा उघडत नाही. मी माझ्या दुसऱ्या कंपनीत शेवटचा निरोप घेऊन, पुष्पगुच्छ हातात धरून, पाऊण तास सिक्युरिटीच्या खुर्चीत बसलो होतो.